संकटकाळची खिडकी

बाबुराव ओव्हाळांनी आपल्या सहा वर्षांच्या नातीला एसटीच्या खिडकीतून आत सोडलं, आणि ती एसटी त्यांना न घेताच निघून गेली. हे घडायला सगळी मिळून दोन मिनिटं लागली. त्यामागची तयारी मात्र तीस वर्षांची होती.

ती तीस वर्षं आधी सांगायला हवीत, नाहीतर लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं का? तसं काही नव्हतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बत्तीस वर्षं नोकरी करून दहाची दहा बोटं शाबूत घेऊन बाहेर पडलेला हा माणूस. दार लावलं की तीनदा ओढून बघणार, गॅस बंद केला की चारदा. पण कितीही सावध माणूस असला तरी एका जागी तो बिनधास्त असतोच, आणि बाबुरावांची ती जागा म्हणजे शिवाजीनगरचा एसटी स्टँड.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पाच नंबरच्या फलाटावरून सव्वादहाची जुन्नर गाडी धरायची आणि नारायणगावाजवळ आपल्या गावी जायचं, हा त्यांचा नेम होता. रिझर्व्हेशन वगैरे चोचले त्या गाडीला नव्हते. गाडी फलाटाला लागता लागता तिच्याबरोबर पळायचं आणि खिडकीतून रुमाल टाकायचा. ज्याचा रुमाल त्याची जागा. त्या रुमालाला जो मान होता तो हल्ली रजिस्टर केलेल्या खरेदीखतालाही नाही. रुमाल नसेल तर टोपी, टोपी नसेल तर जेवणाचा डबा, आणि पोरगं बरोबर असेल तर सरळ पोरगंच आत सोडायचं. ते सीटवर हातपाय पसरून बसायचं आणि आईबाप सावकाश दारातून वर चढायचे. बाबुरावांनी आपल्या राकेशला असं किती वेळा सोडलं त्याला गणती नाही. "तीस वर्षांत एसटीत एकदाही उभा राहिलो नाही," असं ते येईल त्याला सांगत. त्यांच्या पत्नी सुंदराबाई हयात होत्या तोवर आतून आवाज यायचा, "आणि घरात एकदाही बसल्या जागेवरून उठला नाहीत."

सुंदराबाई गेल्या, कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागलं, आणि बाबुराव औंधला राकेशच्या फ्लॅटवर राहायला आले. राकेश सॉफ्टवेअरमध्ये. दोन हजार चारच्या त्या मे महिन्यात कंपनीनं त्याला सहा महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलं होतं. सून ऋतुजा हिंजवडीला दुसऱ्या कंपनीत. सकाळी आठला गळ्यात ओळखपत्राची पट्टी अडकवून बाहेर पडायची ती संध्याकाळी सातला परत. या मधल्या अकरा तासांत नात मैत्री बाबुरावांची. तिला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, आणणं, भरवणं, सकाळी बुद्धवंदना म्हणून घेणं, दुपारी गोष्ट सांगून झोपवणं. खरं सांगायचं तर तिला झोपवता झोपवता तेच आधी झोपत. पण सुंदराबाईंमागे सकाळी उठायला त्यांच्याकडे तेवढंच एक कारण होतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

जानेवारीत एक गोष्ट झाली. बाल्कनीच्या दारात मैत्रीचं बोट चेमटलं, नख काळंनिळं पडलं. बाबुरावांनी हळद लावली, चॉकलेट दिलं आणि गप्प बसले. संध्याकाळी हात धुताना ऋतुजाला ते दिसलं. ती ओरडली नाही. मैत्री झोपल्यावर त्यांच्यासमोर येऊन बसली.

"बाबा, काहीही होऊ दे. पडू दे, लागू दे, हरवू दे. पहिला फोन मला करायचा. मी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. पण लपवलंत, तर मात्र मला पाळणाघर बघावं लागेल."

"मी असताना पाळणाघर?"

"म्हणूनच म्हणते, लपवू नका."

तिनं मोठ्या अक्षरांत आपला मोबाईल नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. बाबुराव स्वतः मोबाईल वापरत नसत. खिशात वाजणारी वस्तू त्यांना कारखान्यातल्या सवयीनं धोक्याची वाटे. ती चिठ्ठी तेव्हापासून सदऱ्याच्या वरच्या खिशात असायची. सदरा बदलला की चिठ्ठीचा खिसा बदलायचा.

बुद्धपौर्णिमा दोन दिवसांवर आली तशी बाबुरावांनी सुनेकडे विषय काढला. गावच्या विहारात कार्यक्रम होता, मैत्रीला घेऊन जायचं होतं. ऋतुजाला सुट्टी नव्हती. ती म्हणाली, भाड्याची गाडी करून देते. नको. मग म्हणाली, निदान नाशिक फाट्यापर्यंत माझ्या गाडीनं सोडते, तिथून एसटी घ्या.

"फाट्यावर एसटी धरायची म्हणजे पंगत उठताना लग्नाला पोचायचं," बाबुराव म्हणाले. "बसायला जागा मिळते ती स्टँडवर. पोरीला जरा स्टँड तरी बघू दे. एसी गाडीत बसून बसून तिला वाटतंय, गाव म्हणजे फोटोतली जागा."

ऋतुजानं मैत्रीचे कपडे पिशवीत भरायला घेतले. मग म्हणाली, "ठीक आहे. तिचा हात सोडू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला आजोबा-नात शिवाजीनगरला पोचले. बाबुरावांची छाती स्टँडच्या आवारात शिरल्या शिरल्या दोन इंच रुंदावली. डिझेलचा तोच वास, कँटीनच्या वड्याचा तोच घाणा, भोंग्यातून नाकात बोलणारा तोच आवाज. लग्नसराईची तोबा गर्दी होती. लोखंडी पेट्या, चटयांच्या गुंडाळ्या, एक नवरदेवाचा आरसा. मैत्री तोंडाचा चंबू करून सगळं बघत होती.

"आजोबा, आपला सीट नंबर काय?"

"एसटीला नंबर नसतो बाळा. एसटीला अक्कल लागते."

दहा वाजून आठ मिनिटांनी पाच नंबरला एक लाल गाडी येऊन लागली आणि लोक दाराशी तुटून पडले. बाबुरावांनी पाटी वाचली नाही. पाच नंबर, सव्वादहा, लाल गाडी. आपल्या दारावरची पाटी कोणी रोज वाचतं का? दाराकडची गर्दी पाहून त्यांना जुनी युक्ती आठवली. ते मैत्रीला घेऊन गाडीच्या दुसऱ्या अंगाला, दोन गाड्यांमधल्या बोळात शिरले. मागच्या बाजूला एक रुंद खिडकी होती. तिला गज नव्हते. तिच्यावर लिहिलं होतं, संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. तिची कडी बाहेरून कशी फिरवायची हे बाबुरावांना तीस वर्षांपासून ठाऊक होतं.

"आत जाऊन या सीटवर आडवं बसायचं. मी येईपर्यंत उठायचं नाही. कोणी कितीही सांगितलं तरी नाही. तुझ्या पप्पांनाही मी असंच बसवायचो."

"सीटबेल्ट?"

"सीटवर घट्ट बस, तोच बेल्ट."

मैत्री खिदळली. त्यांनी तिला काखेत धरून उचललं, आत सोडलं, आणि दाराकडे जायला गाडीच्या मागून वळसा घेतला.

तेवढ्यात शिट्टी वाजली. बाबुराव गाडीच्या बरोब्बर मागे होते आणि गाडी मागे येत होती. ते उडी मारून बाजूला झाले. शेजारची गाडीही मागे सरकली. दोन कंडक्टरांच्या दोन शिट्ट्या, धूर, "ओ आजोबा, मरायचंय का!" आणि मधे अडकलेले बाबुराव. दोन्ही लाल गाड्या वळल्या. त्यांनी जवळच्या गाडीचा पत्रा दोन्ही हातांनी बडवला. गाडी थांबली, दार उघडलं. ते चढून थेट मागे गेले. मागच्या सीटवर एक मिशाळ गृहस्थ कलिंगड मांडीवर घेऊन बसले होते.

ते खाली उतरले तेव्हा दुसरी गाडी फाटकातून बाहेर पडली होती. आणि पाच नंबरला एक तिसरी गाडी येऊन उभी राहत होती. तिच्यावर पाटी होती: जुन्नर. अर्धी रिकामी.

बाबुरावांना आधी काही वाटलंच नाही. त्या पाटीकडे ते बघत राहिले. हातात मैत्रीच्या कपड्यांची पिशवी तेवढी होती.

नियंत्रकाच्या खिडकीशी रांग होती. ते रांग मोडून पुढे घुसले.

"आत्ता गेली ती गाडी कुठली?"

"कुठली म्हणजे?" नियंत्रक वर न बघता म्हणाला. "गाड्या जाण्यासाठीच येतात इथे. पाट्या आम्ही हौसेनं लावत नाही, आजोबा."

"नात आहे आत. सहा वर्षांची. एकटी."

नियंत्रकाचं पेन थांबलं. "एकटी चढली कशी?"

"खिडकीतून. मी सोडली."

नियंत्रकानं त्यांच्याकडे पाहिलं. पुण्यात अशा वेळी एखादं तिखट वाक्य तयार असतं, आणि त्याच्याही जिभेवर ते आलं असणार. पण बाबुरावांचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं. "नाशिक जादा आहे ती," तो म्हणाला. "सीझनची सोडलेली. नाशिक फाट्याला थांबेल, मग भोसरी, चाकण. स्टँड म्हणाल तर पहिला राजगुरुनगर. तिथं सांगून ठेवतो." त्यानं फोन फिरवला, मोठ्यानं बोलला, ठेवला. "बघतील ते. दीड तास लागेल गाडीला. तोवर चौकीत वर्दी द्या. आणि घरी फोन करा. केलात का?"

"करतो."

"आधी तो करा."

दीड तास. बाबुराव फलाटावर उभे राहिले आणि त्या दीड तासात काय काय मावतं ते त्यांना दिसायला लागलं. फाट्यावर कुणीही चढतं, कुणीही उतरतं. एखादा म्हणेल, चल बाळा, आजोबांकडे नेतो. सगळी एसटीच अशी भरवशाची, असं ते आजवर म्हणत आले होते. कंडक्टरच्या ओळखीवर लोक म्हातारी माणसं पाठवायचे, लेकीबाळी पाठवायचे. पण त्या कंडक्टरला सांगितलेलं असायचं. इथं कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं.

आणि मग ती दुसरी गोष्ट आठवली. खिडकीची कडी. मैत्रीला आत सोडल्यावर आपण ती खिडकी ओढून घेतली होती का? दार तीनदा बघणाऱ्या माणसानं डोळे मिटून आठवून पाहिलं. काख, फ्रॉक, खिदळणं, मग पाठ फिरवली. कडी नाही. कडीवर हात गेल्याचं काही केल्या आठवेना. म्हणजे ती खिडकी नुसती टेकलेली होती, आणि तिला लागून सहा वर्षांची पोर बसली होती. तिला आजोबांनी बजावलं होतं, उठायचं नाही.

स्टँडबाहेर पिवळ्या पाटीचा पीसीओ होता. एक मुलगी गल्ल्यावर बसली होती. बाबुरावांनी चिठ्ठी काढली. रिसीव्हर उचलला. आकडे मोठे होते, स्वच्छ होते, ऋतुजानं मुद्दाम तसे काढले होते. त्यांनी पहिले सहा आकडे दाबले.

सातव्यावर बोट थांबलं. पलीकडे ऋतुजा "हॅलो बाबा" म्हणेल. मग आपण काय म्हणायचं? मैत्री हरवली. कशी? मी खिडकीतून टाकली. ती ओरडणार नाही, हेच भयंकर होतं. ती ऐकून घेईल, आणि उद्यापासून सकाळी आठ वाजता मैत्रीला घेऊन कुठल्यातरी पाळणाघराच्या पायऱ्या चढेल. मग औंधच्या त्या तिसऱ्या मजल्यावर अकरा तास बाबुराव आणि भिंतीवरचं घड्याळ. आणि समजा, फाट्यावर आपणच आधी पोचलो तर? गाडी गर्दीतून जाणार, रिक्षा बोळाबोळातून. पोरीला उतरवून घेतलं, पुढच्या जुन्नर गाडीत बसवलं, तर कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.

"काका, लावायचा नसेल तर बाजूला व्हा," गल्ल्यावरची मुलगी म्हणाली. "बाकीच्यांना बोलायचंय."

घड्याळात साडेदहा वाजून गेले होते. त्या फोनसमोर त्यांनी दहा मिनिटं घालवली होती, आणि तेवढ्यात नाशिक जादा कुठच्या कुठे गेली असणार हे लक्षात येताच त्यांनी समोरच्या रिक्षात अंग टाकलं.

"नाशिक फाटा. पळव. एसटी गाठायचीय."

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि वाद न घालता मीटर टाकलं, यावरूनच बाबुरावांचा अवतार काय झाला असेल ते समजावं. वाकडेवाडी गेली. खडकी आली. कारखान्याच्या लांबच लांब भिंतीकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. ते रस्ता बघत होते. रस्त्याची कड, दुभाजक, गटार. काय शोधतोय हे ते स्वतःशीही म्हणत नव्हते. मैत्रीचा फ्रॉक गुलाबी होता.

दर शंभर पावलांवर एक पिवळी पाटी येत होती. पीसीओ, पीसीओ, पीसीओ. सगळ्या गावानं जणू त्यांच्यासाठीच दुकानं थाटली होती.

"कोण चुकलंय का, काका?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"नात."

"अरे देवा. घरी कळवलं?"

"एंगेज आहे," बाबुराव म्हणाले.

शब्द तोंडातून सहज गेला. अनोळखी माणसाशी खोटं बोलायची गरज काय होती, हे त्यांचं त्यांनाच समजेना. बोपोडीच्या चौकात वाहनं तुंबली होती आणि रिक्षा जागच्या जागी घरघरत होती. कोपऱ्यावर एक पीसीओ रिकामा दिसत होता, आत माणूस नाही. उतरून चार पावलं. बाबुरावांनी त्याच्याकडे पाठ केली.

दापोडीच्या पुलाच्या पलीकडे रस्त्यात गर्दी दिसली. पंचवीस-तीस माणसं गोल करून उभी, सगळ्यांच्या माना खाली. एक बाई तोंडाला पदर लावून. गाड्या कडेनं हळूहळू सरकत होत्या.

बाबुरावांच्या तोंडून आवाज निघाला, तो त्यांचाच आहे हे त्यांना उशिरा कळलं. रिक्षा थांबायच्या आत ते उतरले, पडले, गुडघा फुटला, उठले. माणसांच्या पाठी ढकलत आत शिरले. आत एक मोटारसायकल आडवी पडली होती आणि रस्ताभर दूध सांडलं होतं. कॅन दूर जाऊन पडला होता. दूधवाला शेजारी बसून आपलं कोपर फुंकत होता.

"काही नाही झालं काका, खरचटलंय," कोणीतरी म्हणालं.

बाबुराव त्या दुधात उभे राहिले आणि हसायला लागले. मग त्यांना रडू आलं. रिक्षावाल्यानं दंडाला धरून त्यांना परत आणून बसवलं. "काका, फोन करा तुम्ही घरी. हा बघा इथं आहे. मी थांबतो," तो कळवळून म्हणाला. आणि या क्षणीसुद्धा, मैत्री त्या रस्त्यावर पडलेली आहे असं पुरतं मिनिटभर मानून झाल्यावरसुद्धा, बाबुराव म्हणाले, "आता आलाच की फाटा. चल."

फाट्यावर पोचले तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. एसटी नव्हती. थांब्यामागे एका कडुनिंबाच्या सावलीत एक नऊवारीतली बाई पेटीवर बसली होती आणि तिच्या मांडीला टेकून, हातात अर्धी काकडी घेऊन, गुलाबी फ्रॉक.

बाबुरावांनी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. पायात चप्पल एकच आहे, गुडघ्यातून रक्त येतंय, कशाचं भान नाही. ते तसेच धावले. सापडली. आता काही नको, उभ्यानं गावी जाऊ, छतावर बसून जाऊ. सापडली!

आणि मग त्यांना झाडापलीकडे उभी असलेली करडी गाडी दिसली. गाडीला टेकून ऋतुजा उभी होती. गळ्यात ओळखपत्र, मुठीत मोबाईल.

"आजोबा!" मैत्री ओरडली. "मी उठलेच नाही. कंडक्टरकाकांनी सांगितलं तरी उठले नाही!"

"न्हाय उठली बया," पेटीवरच्या बाईंनी साक्ष दिली. त्यांचं नाव सुशीलाबाई, मंचरला निघालेल्या, मधेच उतरून पोरीसाठी थांबल्या होत्या. "खिडकी सताड उघडी हाय, वारं भणाणतंय, आन् ही कडंला. मी म्हनलं आत सरक, तर म्हन्ती आजोबांनी सांगितलंय. मग फ्राक धरून बसले मी, कंडक्टर येऊन कडी लावस्तवर."

बाबुरावांनी मैत्रीला छातीशी धरलं. तिच्या केसांना डिझेलचा वास येत होता. त्यांना वर बघायचं धाडस होईना.

"पाणी प्या आधी," ऋतुजा म्हणाली. तिनं बाटली पुढे केली. आवाज चढलेला नव्हता. "मला दहा वीसला फोन आला, बाबा. या मावशींच्या मोबाईलवरून. मैत्रीला माझा नंबर पाठ आहे, शाळेत करून घेतात. मावशींना म्हटलं फाट्यावर उतरा, मी निघाले. दोन मिनिटांत बोलणं संपवलं आणि लाइन मोकळी ठेवली. तुमचा फोन येईल म्हणून."

बाबुरावांनी घोटभर पाणी घेतलं.

"हिंजवडीपासून इथपर्यंत फोन मांडीवर ठेवून आले. प्रत्येक सिग्नलला बघत होते. मैत्रीची काळजी नव्हती, ती मावशींजवळ होती. तुम्हाला काही झालं का, कुठे पडलात का, ते कळेना." ती थांबली. "फोन लागला नाही का?"

तिनं आपण होऊन वाट काढून दिली होती. हो म्हटलं की संपलं. एंगेज होता, बिघडला होता, नाणं अडकलं. तिनं खरं मानलं नसतं, पण मानल्यासारखं केलं असतं, आणि घरातले दिवस पहिल्यासारखे चालू राहिले असते. बाबुरावांच्या ओठांवर तो शब्द तयार होता; तासाभरापूर्वीपर्यंत तो कधी एवढा सोपा वाटला नव्हता.

"लागला नाही असं नाही," ते म्हणाले. "मी केलाच नाही."

"का?"

"तू पाळणाघर बघशील म्हणून."

ऋतुजा त्यांच्याकडे बघत राहिली. मागून ट्रक गेले, दोन-तीन. "ती कुठे आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं," ती हळू म्हणाली.

"नव्हतं."

"खिडकी उघडी राहिली हे?"

"ते आठवत होतं."

"तरी?"

"तरी," बाबुराव म्हणाले.

तो शब्द त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला. सकाळपासून त्यांना रस्त्याची भीती वाटली होती, फाट्यावरच्या अनोळखी माणसांची वाटली होती, सुनेची तर वाटलीच होती. आता त्यांना स्वतःची भीती वाटली, आणि ती बाकी सगळ्यांपेक्षा मोठी होती. आपली पोर उघड्या खिडकीशी बसली आहे हे माहीत असलेला एक म्हातारा चार पावलांवरच्या फोनकडे पाठ करून बसला होता. तो म्हातारा कोण होता हे त्यांना याआधी ठाऊक नव्हतं.

ऋतुजा रागावली नाही. तिनं सुशीलाबाईंचे दोन्ही हात धरून त्यांचे आभार मानले, त्यांची पेटी पुढच्या गाडीत चढवून दिली, जागा मिळते का ते खिडकीतून पाहिलं. मग परत आली आणि गाडीची किल्ली काढली.

"चला, घरी जाऊ. गुडघ्याला औषध लावायला हवं."

गाडी रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला वळवून आणावी लागणार होती. तिनं दोघांना कडेनं जरा पुढे चालत यायला सांगितलं, आणि मग मैत्रीकडे बघून तीच थांबली. तिघंही उभे राहिले. शेजारून वाहनं सणसणत जात होती. मैत्रीनं काकडीचा उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि रोजच्या सवयीनं, वर न बघताच, आजोबांकडे हात केला.

बाबुरावांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"आईचा धर," ते म्हणाले.